बागेच्या राखणीला एअरगन? छर्र्याच्या बंदुकीची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. पाठवणारा बदलापूर पश्चिमेचा, हेंद्रेपाड्यातला. आवाजावरून वीस-बावीसचा असेल. तो म्हणतो, "दादा, आमच्या घरामागे आजीचं जांभळाचं झाड आहे. दोन चिकू आहेत, थोडी भाजी. जांभूळ पिकायला लागलं की पोपट येतात, बुलबुल येतात, रात्री वटवाघळं, आणि मधूनच वानरांची टोळी. घुशी तर बारा महिने. आजी पार वैतागलीये. स्वस्तातली एअरगन घ्यायचीये. लायसन लागत नाही म्हणतात. पॉइंट वन सेव्हन सेव्हन घेऊ की पॉइंट टू टू?"

पहिल्यांदा मला हसू आलं. अरे बाबा, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, शॉपिंगचा नाही! पण मेसेज डोक्यातून जाईना. कारण त्याने विचारलेलं सगळं, म्हणजे स्वस्त, लायसन, पॉइंट वन सेव्हन सेव्हन, बागेतला त्रास देणारा प्राणी, यातल्या प्रत्येकामागे काहीतरी घडून गेलंय. आणि ते कळल्याशिवाय त्याला उत्तर देणं म्हणजे पोराला अडचणीत टाकणं आहे. कसं ते सांगतो.

आधी राखणीबद्दल. बदलापूरचं जांभूळ साधं नाही, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे आजीचं झाड ही त्या गावाची ओळख आहे. आणि पिकाची राखण हे काम शेतीइतकंच जुनं. देशावर ज्वारी हुरड्यात आली की शेतात चार खांबांवर माळा बांधायचे, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. गोफणीत चिखलाचा किंवा दगडाचा गुंडा. तो पाखराला लागावा म्हणून कुणी मारत नसे. गुंडा कणसांवरून सूं करत गेला, आवाज झाला, थवा उठला, काम झालं. हे काम बहुतेक वेळा बायका आणि पोरं करायची, दिवसभर ओरडून घसा बसायचा. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत उंदीर जास्त, तर तिथे कातकरी लोक कापणीनंतर बांधातली बिळं उकरून उंदीर धरायचे. बिळात साठवलेलं भातही मिळायचं, उंदीरही कमी व्हायचे. आज एखादी कंपनी यालाच पेस्ट कंट्रोल म्हणेल आणि बिल लावेल.

मग बंदूक कधी आली? ठासणीची बंदूक आपल्याकडे जुनी. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंध्या, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. १८५७ नंतर मात्र इंग्रजांना लोकांच्या हातातली हत्यारं नकोशी झाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना हवा, आणि युरोपियन माणसाला मात्र सूट. याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ ला, पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. या कायद्यामुळेच केलं असं मी म्हणत नाहीये. पण सरकार बंदुकीला का घाबरत होतं, ते यावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला. त्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. म्हणजे आपल्या कायद्याने शेतकऱ्याची बंदूक ओळखली, पण ती ही! कोकणात याला शेतीसंरक्षण परवाना म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे परवाने घराघरांत वडिलांकडून मुलाकडे आलेले दिसतात. आणि निवडणूक लागली की हत्यारं पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ ला लोकसभा एप्रिल-मेमध्ये झाली, म्हणजे ऐन आंबा-काजूत. विधानसभा २० नोव्हेंबरला, म्हणजे भात घरात यायच्या सुमाराला. आचारसंहितेचं वेळापत्रक वानरांना पाठ असावं अशी शंका येते!

आता लक्ष द्या. यात एअरगन कुठेच नाही. मग ती आली कुठून?

हवेच्या दाबावर चालणारी बंदूक मुळात खेळणं नव्हतीच. १७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची एअर रायफल वापरली. दस्त्यातच हवेची टाकी, बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या. त्या काळातल्या सैनिकाला एक बार काढून दुसरा ठासायला वेळ लागायचा, आणि हा पठ्ठ्या एकामागून एक गोळी सोडतोय, धूर नाही, फारसा आवाज नाही. पण टाकी भरायला हातपंप शेकडो वेळा मारावा लागायचा, आणि टाकी नाजूक. लढाईत टिकली नाही. १८०३ नंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्कने अशी एक एअर रायफल सोबत नेली होती. वाटेतल्या आदिवासी जमातींसमोर ती चालवून दाखवायची, हाच तिचा मुख्य उपयोग.

तिचं शेतकऱ्याशी नातं जुळलं ते अमेरिकेतच, मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावात, आणि ते भलत्याच कारणाने. १८८२ मध्ये तिथे लोखंडी पवनचक्क्या बनवणारी कंपनी निघाली. विहिरीचं पाणी उपसायला शेतकरी त्या घ्यायचे. धंदा फार चालेना. १८८६ ला क्लॅरेन्स हॅमिल्टन नावाच्या माणसाने अख्खी धातूची एक छोटी एअरगन बनवून कंपनीला दाखवली. कंपनीने काय केलं? पवनचक्की घ्या, एअरगन फुकट! दिवाळी ऑफर समजा. लोकांना पवनचक्की नको होती, एअरगन हवी होती. १८९५ ला कंपनीने पवनचक्कीचं नावच टाकलं आणि बंदुकीचं नाव घेतलं, डेझी. आजही ती याच नावाने ओळखली जाते.

म्हणजे "शेतावर, परसात, पोराच्या हातात एअरगन" हे चित्र तिकडचं आहे. इंग्लंडमध्ये १९०५ पासून बर्मिंगहॅमच्या बीएसएने एअर रायफली काढल्या. बीएसए म्हटल्यावर सायकल आठवली ना? मलाही. पण त्या तीन अक्षरांचा अर्थ आहे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आणि कंपनीची खूण होती एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. आपण ज्या नावाच्या सायकलवरून क्लासला गेलो, ते मुळात बंदुकीच्या कारखान्याचं.

आपल्याकडेही एक पवनचक्कीसारखीच गंमत आहे. गटारासाठी रस्त्याकडेला ठेवलेले काँक्रीटचे मोठे पाइप पाहिलेत ना, ज्यात पोरं लपाछपी खेळतात? ते ह्यूम पाइप. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. याच कंपनीने पुढे एअर रायफली बनवल्या. आयएचपी असा छाप असलेली बंदूक आजही कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेली सापडते. पाइप ते बंदूक! नळीच ती, असं म्हणायचं.

माझ्या मामाकडे एक छर्र्याची बंदूक होती, कुठल्या कंपनीची ते आठवत नाही. मी आठवीत होतो. दुपारी सगळे झोपलेले. मी डब्यावर नेम धरता धरता तारेवरच्या बुलबुलावर धरला. लागेल असं वाटलंच नव्हतं. लागला. पण मेला नाही. कुंपणाखाली एक पंख फाकवून बसला आणि चोच उघडी. पुढचा छर्रा भरायला माझे हात चालेनात. मामा उठून आला, त्याने काय करायचं ते केलं, मला एक शब्द बोलला नाही. त्यानंतर ती बंदूक मला कपाटाबाहेर दिसली नाही. हे सांगतोय कारण पुढे "स्वस्त" या शब्दावर बोलायचंय.

पण आधी लायसन. १९६२ च्या नियमांच्या वेळेपासून एअरगनसाठी एक मजेदार परीक्षा होती. ठरावीक जाडीच्या लाकडी फळीवर जवळून छर्रे मारायचे. आरपार गेले नाहीत तर परवाना नको. थोडक्यात, सरकारने तिला खेळण्याच्या रांगेत बसवलं. म्हणूनच ती जत्रेत आली. अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा असो की तुमच्या गावची, फुगे फोडायच्या स्टॉलवर हीच बंदूक. (आणि नळी मुद्दाम वाकवलेली असते हा आरोप प्रत्येक पिढीने केलेला आहे.)

२०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले आणि फळीच्या जागी आकडे आले. नळीचा व्यास पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, याच्या आत हवा. आणि छर्र्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० ज्यूलच्या आत. या दोन्ही अटी पाळणारी असेल तर परवाना नको, दुकानदार ओळखपत्र बघेल एवढंच. यातली एक जरी ओलांडली, तर परवाना हवा.

तर हेंद्रेपाड्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. पॉइंट टू टू बिनपरवाना नाही. तू जे व्हिडिओ बघतोस त्यात इंग्लंडचा माणूस सांगतो की उंदरा-कबुतरासाठी पॉइंट टू टू बेस्ट, छर्रा जड असतो. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या देशात १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंत तशी रायफल चालते आणि काही पक्ष्यांसाठी तिकडच्या शेतकऱ्याला सरसकट परवानगी असते. त्याचं बरोबर आहे, पण तिकडे. इथे तो सल्ला ऐकून कुणाकडून जुनी पॉइंट टू टू घेतलीस तर तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा.

आता २० ज्यूल म्हणजे किती? छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. हिशोब केला तर सेकंदाला सुमारे २८० मीटर वेग येतो. स्वस्तातली बंदूक याच्या बरीच खाली असते, पण डोळा जायला तेवढीही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १ लाख ७४ हजार होती. त्यानंतर किती टॉवर उभे राहिलेत ते तू रोज बघतोस. झाडावर वरच्या दिशेने मारलेला छर्रा पानांतून पुढे जातो. पुढे कुणाची तरी गॅलरी आहे.

स्वस्त शेतीबंदुकीचं दुसरं रूप २०२५ च्या दिवाळीत दिसलं. वानरं पळवायला काही शेतकरी पीव्हीसी पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढतात. शंभर-दोनशे रुपयांचं काम. ती कार्बाइड गन रीलवरून पोरांच्या हातात गेली. भोपाळ आणि आसपासच्या भागात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. बार झाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावून बघत होती.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मारायचं कुणाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती. त्यात कावळा, फळं खाणारं वटवाघूळ, उंदीर अशांना उपद्रवी ठरवलेलं होतं, म्हणजे त्यांना संरक्षण नव्हतं. जुनी माणसं "वटवाघळाला काय परवानगी लागते?" म्हणतात ती या यादीच्या जोरावर. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून. आता केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकतं. बिहारमध्ये नीलगाय आणि हिमाचलमध्ये लाल तोंडाची माकडं अशी ठरवली गेली होती. ते सरकारने ठरवायचं, तू आणि मी नाही. तुझ्या यादीतले पोपट, बुलबुल, वानर हे तर आधीपासूनच संरक्षित. आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. म्हणजे "अरे मी फक्त घाबरवायला छर्रा मारला" हे चालत नाही.

हा विचार शहरी लोकांनी लादलाय असं वाटत असेल तर अरुणाचलचं उदाहरण बघ. तिथे एअरगन घराघरांत होती आणि जंगलं हळूहळू गप्प होत चालली होती. मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावात एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी स्वतःहून आणून दिल्या, पुढे आकडा २,००० च्या वर गेला. बक्षीस म्हणून पैसे नव्हते.

राहिली घूस. तीच एकटी उरते जिच्यासाठी तू बंदुकीचा विचार करशील. पण मी मघाशी "स्वस्त" म्हणालो ते इथे येतं. काही हजारांत मिळते ती मोडून भरायची, स्प्रिंगची बंदूक. नळी मोडली की आत स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, हवा दाबली जाते, छर्रा सुटतो. गोम अशी की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या धक्क्याने बंदूक हलते. त्यामुळे स्प्रिंगच्या बंदुकीवर हात बसायला महिने जातात. त्यात स्वस्त मालात पहिली काटकसर होते ती नळीत आणि चापात. वीस मीटरवर पाच छर्रे एका चहाच्या बशीत पडले तरी तू खूश होशील. घुशीचं डोकं बशीएवढं नसतं. ती जखमी होऊन बिळात जाते आणि आत मरते. मग वास आठवडाभर, आणि आजीच्या शिव्या वेगळ्या.

बंदुकीत नळी म्हणजे सगळं, हे तुमच्या शेजारच्या अंबरनाथला चांगलं माहीत आहे. तिथे आयुध निर्माणी आहे, तिकडची माणसं तिला नुसतं ऑर्डनन्स म्हणतात. आणि तिथल्या एमआयडीसीतल्या प्रिसिहोल या कंपनीचा मूळ धंदाच धातूत लांब, खोल, सरळ भोक पाडणारी यंत्रं बनवण्याचा. ते जमल्यावर त्यांनी एअर रायफली काढल्या. पवनचक्की, पाइप आणि आता ड्रिल मशीन, बघा, एअरगनवाले नेहमी दुसऱ्याच दारातून येतात! पण या रायफली जातात कुठे? रेंजवर. दहा मीटरवरचं लक्ष्य, ज्यात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. महाराष्ट्रात एअर रायफलने खरं घर केलं ते तिथे. मुंबईची अंजली भागवत, पनवेलची सुमा शिरूर, ही पिढी याच साडेचार मिलिमीटरच्या छर्र्यावर मोठी झाली. तुला नेमाची हौस असेल तर भिंतीच्या आत, मागे जाड लाकूड आणि वाळूचं पोतं लावून डब्यावर मार, नाहीतर जवळच्या क्लबात जा. त्यासाठी घेणार असशील तर पॉइंट वन सेव्हन सेव्हन, २० ज्यूलच्या आतली, खांद्याला पेलेल अशा वजनाची, बिल देणाऱ्या दुकानातूनच. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवायचे, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

घुशीसाठी पिंजरा लाव, खरकटं आणि कोंबड्यांचा दाणा रात्री उघडा ठेवू नको. आसपास गव्हाणी घुबड असेल तर त्याला अपशकुनी म्हणून हाकलणाऱ्यांना थांबव, रात्री ते उंदरांवरच जगतं. आणि जांभळाला जाळी. अख्ख्या झाडाला नाही, आजीचा हात पोचतो त्या खालच्या फांद्यांना. वरचं त्यांचं. मासे धरायची पातळ नायलॉनची जाळी अजिबात नको, वटवाघूळ अडकून रात्रभर तडफडतं. ज्या जाळीत बोट शिरणार नाही एवढा बारीक गाळा घे आणि ताणून बांध.

हे सगळं मी त्याला रेकॉर्डिंगच्या आधीच पाठवलं होतं. काल त्याचं उत्तर आलं. म्हणाला, "दादा, आजीला ऐकवलं. ती म्हणते तिच्या लहानपणी भाताच्या खाचरावर गोफण तीच मारायची, मला शिकवते म्हणाली. दोरी कुठली घेऊ, सुताची की काथ्याची?"

मी म्हटलं, ते मात्र आजीलाच विचार. आणि गुंडा ओल्या मातीचा घे, शेजारी काचा आहेत.